पत्र्याआधी कागद

स्वयंपाक आटोपला असेल, नाहीतर चुलीवर काहीतरी रटरटत असेल. हात चालू राहू द्या, कान फक्त आमच्याकडे द्या.

आमच्या मोरव्यात 'शेड' हा शब्द गेली काही वर्षं जरा जपूनच उच्चारला जातो. दहिसरहून मीरा-भाईंदरला येणाऱ्या मेट्रो ९ ची कारशेड राई, मुर्धा, मोरवा या आमच्या भागात करायचं घाटत होतं. गावांनी विरोध केला. पुढे ती डोंगरीकडे नेण्याचं ठरलं. त्या दिवसांत घराघरांत ट्रंका उघडल्या गेल्या. सातबारा कुठे आहे, फेरफार कुठे आहे, आजोबांच्या नावापुढे कुणाचं नाव लागलं आणि कुणाचं राहिलं, याची शोधाशोध सुरू झाली. जमीन आपली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण विचारणारा तोंडाकडे बघत नाही, कागदाकडे बघतो, हे तेव्हा कळलं.

आज बोलायचं आहे ते त्या मोठ्या शेडबद्दल नाही. आपल्या घराशेजारच्या छोट्या शेडबद्दल. मुलाची रिक्षा ठेवायला गॅरेज, शेळ्यांना आडोसा, सरपण आणि जाळी ठेवायला खोपटं, गटाचं पापडाचं मशीन ठेवायला चार पत्रे. घर बांधताना आपण दहा जणांना विचारतो. शेड घालताना कुणालाच विचारत नाही. तिथेच आमचं चुकलं होतं, म्हणून आधी आमचीच गोष्ट सांगतो.

आमची पहिली शेड

आमचा बारा जणींचा गट. पापड, आगरी मसाला, आणि हंगामात सुकट-बोंबील साफ करून पाकिटं भरायची. सुरुवातीला हे सगळं एकीच्या पडवीत चालायचं. मिरच्या भाजायला घेतल्या की ठसका घरभर. तिच्या सासूबाई एक दिवस म्हणाल्या, "माझा खोकला तरी सांभाळा, नाहीतर तुमचा मसाला तरी." बरोबरच होतं त्यांचं. मग घराच्या बाजूच्या मोकळ्या जागेत शेड घालायचं ठरलं. लोखंडी अँगल, वर पत्रे, तीन बाजूंना पत्रे, खाली कोबा. गटाच्या बचतीतले छत्तीस हजार रुपये त्यात गेले.

फॅब्रिकेशनवाल्याला आम्ही विचारलं होतं, "दादा, परवानगी लागेल का हो?" तो हसला. म्हणाला, "पत्र्याच्या शेडला कसली परवानगी? चार नट सोडले की मोकळं." आम्हालाही ते ऐकायला बरं वाटलं.

पावसाळा सरला आणि नोटीस आली. आमच्या पत्र्याची एक बाजू शेजाऱ्यांच्या भिंतीला जवळजवळ टेकली होती. पागोळ्या थेट त्यांच्या अंगणात पडत होत्या. सबंध पावसाळा त्यांच्या दारात चिखल. शेजारच्या काकींनी दोनदा सांगून पाहिलं होतं, आम्ही 'बघतो, बघतो' म्हणत राहिलो. शेवटी तक्रार गेली. आता कुणी म्हणेल, शेजारी वाईट. नाही. आम्ही त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

परवानगीचा कागद दाखवा, असं नोटिशीत होतं. आमच्याकडे घरपट्टीची पावती होती, विजेचं बिल होतं, फॅब्रिकेशनवाल्याचं बिल होतं. परवानगी नव्हती. मग आम्हीच दोन दिवस खपून शेड उतरवली. पत्रे वाकले, भोकं मोठी झाली. भंगारवाल्याने सात हजार हातावर ठेवले. दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर, आणि आम्ही पुन्हा त्याच पडवीत. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पदर नाकाला लावून मागच्या दारी जाऊन बसल्या. ते आम्हाला जास्त लागलं.

ते छत्तीस हजार म्हणजे महिन्याला शंभर-शंभर करून साठवलेले. म्हणून आज हे सगळं सांगतो आहोत.

पत्र्याची शेड म्हणजे बांधकाम का?

हो. महाराष्ट्रात बांधकामाची जी एकत्रित नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली, तिच्यात इमारत म्हणजे काय हे सांगितलेलं आहे. कुठल्याही कामासाठी आणि कुठल्याही साहित्याने उभारलेली रचना ही इमारतच, मग तिच्यात माणूस राहो वा न राहो. म्हणजे सिमेंट असो, पत्रा असो, बांबू असो. नट किती आहेत हे कायदा मोजत नाही. लग्नासाठी, सणासाठी दोन दिवस घातलेला मांडव, शामियाना, ताडपत्रीचा निवारा त्यात धरलेला नाही. पण मांडव वर्षभर तसाच राहिला, त्याला खाली कोबा आणि बाजूला पत्रा लागला, की तो मांडव राहत नाही.

ही नियमावली मुंबई महानगरपालिकेची हद्द आणि काही विशेष क्षेत्रं सोडून राज्यभर लागू आहे. आमच्या मीरा-भाईंदरलाही लागू आहे. तिच्या मागे मूळ कायदा आहे तो १९६६ सालचा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम. जमिनीवर नवीन काही उभारायचं किंवा तिचा वापर बदलायचा, तर आधी परवानगी घ्या, असं त्याचं ४३ वं कलम सांगतं. परवानगी न घेता बांधलं तर ५२ व्या कलमाखाली कमीत कमी एक महिना ते जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंड, अशी शिक्षा लिहिलेली आहे. घाबरवण्यासाठी सांगत नाही. 'साधी शेड तर आहे' असं म्हणून हा विषय सुटत नाही, एवढंच लक्षात राहावं.

मग प्रत्येक खिळ्याला परवानगी लागते का? नाही. रंग देणं, गिलावा करणं, फरशी बदलणं, फुटलेली कौलं बदलणं अशी साधी डागडुजी वेगळी. घराचा आकार वाढत नाही, उंची वाढत नाही, नवीन खोली होत नाही, तोवर ती दुरुस्ती. पण कौलं काढून त्याच निमित्ताने छप्पर चार फूट पुढे ओढलं, की ते वाढीव बांधकाम झालं.

आणि पावसाळी शेड? आपल्या किनाऱ्यावर चार महिने पाऊस आडवा येतो. पूर्वी झावळ्या लावायचे, आता प्लॅस्टिक आणि पत्रे लावतात. पावसाळ्यापुरता आडोसा हा तात्पुरत्या बांधकामात मोडतो. त्यासाठी आपल्या कार्यालयात काय पद्धत आहे, अर्ज करायचा का, शुल्क किती, कधी काढायची, हे मे महिन्यातच विचारून ठेवा. आणि मुदत संपली की ती खरोखर काढा. दिवाळीनंतरही उभी असलेली पावसाळी शेड ही पावसाळी राहत नाही.

आधी विचारा: आपण कोणाच्या हद्दीत?

अर्ज कुठे करायचा ते गावाच्या दिसण्यावर ठरत नाही, हद्दीवर ठरतं. आमचं मोरवा बघा. भातशेतं, मिठागरं, खाडी, गावदेवी, सगळं गावासारखं. पण इथे ग्रामपंचायत नाही. मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ पासून महानगरपालिका आहे. त्यामुळे आमच्या शेडचा अर्ज जातो महानगरपालिकेच्या नगररचना विभागाकडे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहता. तिथे ग्रामपंचायत अधिनियमाचं ५२ वं कलम आहे. ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय गावाच्या हद्दीत इमारत उभारायची नाही, असं ते सांगतं. सरकारने गावांसाठी ही वाट थोडी सोपी केलेली आहे. साधारण १६०० चौरस फुटांपर्यंतचा भूखंड असेल तर मालकीचा कागद, जागेचा आणि बांधकामाचा नकाशा, आणि हे सगळं नियमात बसतं असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला, एवढं ग्रामपंचायतीत द्यायचं. १६०० ते ३२०० चौरस फुटांच्या भूखंडाला शुल्क भरून दहा दिवसांत ग्रामपंचायतीने परवानगी द्यायची. त्याहून मोठ्या भूखंडाला नगररचना खात्याकडे जावं लागतं. इथे चौरस फूट म्हणजे भूखंडाचे, शेडचे नव्हेत. यात पुष्कळ जणींची गल्लत होते.

शहरांच्या हद्दीतही एकत्रित नियमावलीत अशीच सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या लहान भूखंडावरच्या छोट्या बांधकामाला कागद, नकाशा, तज्ज्ञाचा दाखला आणि शुल्क दिलं की मिळणारी पावती हीच परवानगी समजतात. आपली जागा त्यात बसते का, हे अर्जापूर्वी विचारा. आणि एक विसरू नका. सवलत कागदांच्या फेऱ्यांत आहे, नियमांत नाही. अंतर सोडायचं तर सोडायचंच.

दुसरा प्रश्न: जमीन कोणती?

जमिनीचे प्रकार वेगळे, तसे नियम वेगळे.

गावठाणातलं घर असेल तर सहसा सातबारा नसतो. तिथे मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, ते बघतात. ते भूमी अभिलेख किंवा नगर भूमापन कार्यालयात मिळतं. ग्रामीण गावठाणांची ड्रोनने मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर आपल्या घराची हद्द नकाशात नीट आली आहे का, बघून घ्या. गावठाणात घरं दाटीने असतात, म्हणून मोकळं सोडायच्या अंतराचे नियम तिथे वेगळे आहेत.

शेतजमीन असेल तर 'शेतघर' ही कल्पना समजून घ्या. जमीन महसूल संहितेत शेतघर म्हणजे अवजारं, खत, चारा, पीक ठेवायला, जनावरं बांधायला, शेतकऱ्याच्या कुटुंबाला राहायला किंवा शेतीच्याच कामाला लागणारं बांधकाम. शेळ्यांचा गोठा त्यात बसतो. पापडाचं मशीन बसत नाही, कारण तो शेतीचा वापर नाही. तिथे जमिनीच्या अकृषिक वापराचा प्रश्न येतो. आणि आमच्यासारखी शेतजमीन महानगरपालिकेच्या हद्दीत असेल, तर शेतघर उभारण्याआधीही संहितेच्या ४१ व्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. 'शेत आपलं, गोठा आपला' एवढ्याने भागत नाही.

खाडीकाठच्या बहिणींनी आणखी जपायचं आहे. तिवरांपासून ५० मीटरच्या आत कुठलंही बांधकाम करायचं नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे. खाडी आणि समुद्राच्या काठाला किनारा नियमन क्षेत्राचे नियमही लागतात. त्यामुळे तिवरं तोडून, मातीची भर टाकून, वर चार पत्रे घातले, तर ती शेड कुठल्याच अर्जाने वाचत नाही. मिठागराच्या बांधालगतची जागा मोकळी दिसते म्हणून ती कुणाचीच नाही असं समजू नका. मोकळ्या दिसणाऱ्या प्रत्येक जागेला कुणीतरी मालक आहे. तो सरकारही असू शकतो.

हे सगळं कळायला एक सोपा कागद आहे, झोन दाखला. आपली जमीन विकास आराखड्यात रहिवासी भागात आहे, हरित पट्ट्यात आहे, की तिच्यावर रस्त्याचं किंवा दुसरं काही आरक्षण आहे, हे त्यात लिहून मिळतं. शेडच्या पत्र्याचा भाव काढण्याआधी हा दाखला काढा.

शेड कुठे घालायची, कशी घालायची?

घराभोवती जी मोकळी जागा सोडायला लावतात तिला सामासिक अंतर म्हणतात. ती जागा वाया गेलेली नसते. त्यातून वारा येतो, उजेड येतो, आग लागली तर माणसं बाहेर पडतात, पाण्याचा बंब आत येतो. आपण शेड घालतो ती नेमकी याच जागेत. म्हणून पुष्कळ अर्ज इथेच अडतात. नकाशा काढून घेताना अभियंत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, "भाऊ, कुंपणापासून किती अंतर सोडावं लागेल?"

गॅरेज घराच्या पुढच्या रेषेच्या मागे असावं, रस्त्यात किंवा गल्लीत पुढे आलेलं नसावं. त्याची जमीन आजूबाजूच्या जमिनीपेक्षा निदान १५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण अर्धा फूट तरी उंच असावी आणि पाणी बाहेर जायला वाट असावी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. आमच्याकडे भरतीच्या वेळी मोठा पाऊस पडला की पाणी ओसरत नाही. तेवढ्या उंचीने रिक्षाचं इंजिनही वाचतं आणि मसाल्याची पोतीही. गॅरेज म्हणून परवानगी घेतली तर तिथे गाडीच ठेवायची. आत मशीन लावायचं असेल तर तसं अर्जात सांगा. रहिवासी भागात घरगुती उद्योगाला काही मर्यादेत मुभा असते. किती शक्तीची मोटर चालेल, किती जणी काम करू शकतील, हे आधीच विचारून घ्या.

पागोळीबद्दल तर आम्ही शपथेवर सांगू. छपराचा उतार आपल्याच अंगणाकडे ठेवा. पन्हळ लावा आणि पाणी आपल्याच गटारात सोडा. दोन हजार रुपयांची पन्हळ आम्ही वाचवायला गेलो आणि सगळी शेड गमावली.

आणि वारा. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. ती रात्र आणि तो दिवस इथल्या बायकांना विसरता यायचा नाही. उडालेला पत्रा हा विळ्यासारखा कापत जातो. अभियंत्याची सही आपण कटकट समजतो, पण खांब किती खोल, पत्र्याला कुठे आणि किती हूक, हे सांगायला तो लागतो. आत मिरच्या भाजायच्या असतील, गॅस असेल, तर दुसरं दार ठेवा. वायरिंग उघडं सोडू नका.

अर्ज कसा जातो?

आता कागदांची पिशवी भरू या. मालकीचा कागद, म्हणजे ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका. मोजणी नकाशा. झोन दाखला. घरपट्टी भरल्याची पावती. आधीच्या घराची परवानगी असेल तर तीही. जागेत इतरांचा हिस्सा असेल तर त्यांचं संमतीपत्र. आणि परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्याने काढलेला नकाशा. त्यात असलेलं घर, नवी शेड, चारही बाजूंची अंतरं, रस्ता आणि पाण्याचा निचरा दाखवलेला हवा. जुन्या घराची परवानगीच सापडत नसेल तर ते लपवू नका. अभियंत्याला आधीच सांगा. नंतर उघडं पडलं तर अर्ज तिथेच थांबतो.

अर्ज आता बहुतेक शहरांत संगणकावरून होतो आणि तो परवानाधारक तज्ज्ञामार्फत जातो. पण अर्ज क्रमांक तुमच्या हातात असू द्या. छाननी शुल्क आणि विकास शुल्क भरावं लागतं. पैसे भराल त्याची पावती घ्या. ज्याची पावती मिळत नाही ते शुल्क नव्हे. कुणी म्हणेल, "ताई, मी साहेबांकडून करून देतो, कागद नंतर येईल." तिथे उठून यायचं. आधी काम आणि मग कागद, या रस्त्याने आम्ही एकदा गेलो आहोत.

नियोजन कायद्यात अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवायचा आहे. काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाल्यासारखी मानतात, पण एका अटीवर. तुमचा नकाशा नियमांत बसणारा असला पाहिजे. नियमाबाहेरची शेड साठ दिवस वाट पाहून कायदेशीर होत नाही. म्हणून साठ दिवस मोजत बसण्यापेक्षा पंधरवड्याला एकदा जाऊन विचारा, आणि विचारलेलं लेखी विचारा. उत्तरच मिळत नसेल तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात आपल्या अर्जाचं काय झालं ते विचारता येतं. नकार आला तर कारण लेखी मागा. त्यावर ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं.

मिळालेली परवानगी साधारण वर्षभराची असते. मुदत संपण्याआधी ती वाढवून घ्या. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्यायची अट असेल तर ती पाळा. काम पुरं झाल्यावर पूर्णत्वाचा कागद घेतल्याशिवाय फाईल बंद करू नका. बँक कर्ज देताना, विमा उतरवताना, योजनेचं अनुदान देताना हाच कागद मागते.

घरपट्टी लागली म्हणजे झालं का?

हा समज आमच्याही डोक्यात पक्का बसला होता. शेडला घरपट्टी लावली, म्हणजे सरकारने ती मानली. तसं नाही. महानगरपालिकेच्या कायद्यात बेकायदा बांधकामावर कर आणि वर शास्ती आकारायची तरतूद आहे. आणि त्याच ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं आहे की कर घेतला म्हणून बांधकाम नियमित होत नाही. विजेचं मीटर आलं, नळ आला, तरी तेच. घरपट्टीची पावती सांगते की तुम्ही पैसे भरले. परवानगीचा कागद सांगतो की तुम्ही बांधू शकता. दोन्ही पावत्या एका पिशवीत ठेवा, पण एकीला दुसरी समजू नका.

नाव कुणाचं?

आता जरा आवाज खाली घेऊन बोलतो, कारण हे घराघरातलं आहे.

शेड गटाची, कष्ट बायकांचे, पैसे बायकांचे. पण जमीन सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर. अर्जावर सही करणार तेच. मग परवानगी निघते तीही त्यांच्या नावाने. उद्या घरात वाटण्या झाल्या, दीर म्हणाले ही जागा माझ्या हिश्शाची, तर गटाच्या मशीनचं काय? आमच्या आसपास अशी दोन मशीनं दारात पावसात भिजताना आम्ही पाहिली आहेत.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, जागा देणाऱ्या कुटुंबाशी गटाचा लेखी करार करा. किती वर्षांसाठी, भाडं किती, सोडायची वेळ आली तर किती महिने आधी सांगायचं, शेडचं सामान कुणाचं, सगळं त्यात लिहा. तो नोंदवून घ्या. नुसत्या शंभराच्या स्टँपवरच्या सह्या पुरत नाहीत. दुसरी, घराच्या उताऱ्यावर आपलं नाव लावून घ्यायचा विषय काढा. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांचं नाव लागू शकतं. तिसरी, माहेरच्या कागदाकडेही बघा. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला आहे. नाव लावायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण हक्कसोडपत्रावर न वाचता अंगठा देऊ नका.

हे बोलायला जड जातं, आम्हालाही गेलं. आमच्यातली एक जण घरी म्हणाली, "जागा मागत नाही, कागद मागते. कागद असला की भांडण होत नाही." तिच्या सासऱ्यांनी दोन दिवस विचार केला आणि सही केली.

नोटीस आलीच तर?

नोटीस आली की दोन गोष्टी हमखास होतात. कुणी ती देवाच्या फोटोमागे ठेवून देतं, नाहीतर कुणी घाबरून हातोडा उचलतं. आम्ही दुसरं केलं. दोन्ही नको.

आधी तारीख बघा, कुठल्या कलमाखाली आहे ते बघा, मुदत किती आहे ते बघा. नियोजन कायद्याच्या ५३ व्या कलमात एक वाट आहे. नोटिशीच्या मुदतीतच, ते बांधकाम ठेवू द्यावं म्हणून परवानगीचा अर्ज करता येतो. शेड नियमात बसत असेल, किंवा थोडी मागे घेऊन बसवता येत असेल, तर ती वाचू शकते. हे आम्हाला तेव्हा ठाऊक असतं तर एका बाजूचे दोन फूट पत्रे मागे घेऊन, पन्हळ लावून अर्ज करून पाहिला असता. मुदत गेली की ही वाट बंद होते. म्हणून नोटीस हातात पडल्या दिवशी तिची झेरॉक्स काढा, उत्तर लेखी द्या, आपल्या प्रतीवर पोच घ्या. रस्त्यावर, सरकारी जागेवर, तिवरांत घातलेली शेड मात्र वाचवण्याच्या मागे लागू नका. तिथलं सामान आधी सुखरूप बाहेर काढा.

दुसरी शेड

आमची दुसरी शेड आज उभी आहे. पहिलीपेक्षा लहान आहे, कारण अंतर सोडलं. पत्रा कमी लागला, कागद जास्त लागले. झोन दाखल्यापासून हातात परवानगी येईपर्यंत सात महिने गेले, आणि तेवढे महिने आम्ही पडवीतच मसाला भाजला. कंटाळा आला होता, खोटं कशाला बोलू. एकदोघी म्हणाल्याही, "जाऊ द्या, घालू या तशीच." तेव्हा कोब्यावरच्या त्या जुन्या खांबांच्या चार खुणा एकमेकींना दाखवल्या.

कामाला सुरुवात केली त्या दिवशी आम्ही नकाशा घेऊन शेजारच्या काकींकडे गेलो. उतार कुठे, पाणी कुठे जाणार, ते दाखवलं. काकींनी चष्मा लावून सगळं नीट बघितलं. म्हणाल्या, "हे आधी दाखवलं असतं तर मी कशाला गेले असते तक्रारीला?" आता दिवाळीचा पहिला मसाला त्यांच्याकडे जातो.

परवानगीचा कागद आम्ही प्लॅस्टिकमध्ये घालून शेडमध्येच आत टांगला आहे, मूळ प्रत ट्रंकेत आणि झेरॉक्स भिंतीवर. सासूबाई कधी कधी येऊन बसतात आणि आल्या-गेल्याला तो दाखवतात.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या प्रत्येकीने आपल्या घराचा एक कागद आणावा, सातबारा, मिळकत पत्रिका किंवा नमुना आठ, जो हाताशी असेल तो. मोठ्याने वाचा. जागा कुणाच्या नावावर, हद्द कुणाची, आपलं नाव आहे की नाही. ज्यांच्या मनात यंदा शेड घालायची आहे त्यांनी मार्चमध्येच झोन दाखल्याला अर्ज करावा. पावसाआधी पत्रा चढवायचा असेल, तर कागद त्याच्याही आधी.

पुढच्या बुधवारी भेटू. तोवर पागोळ्या सांभाळा. नमस्कार.